एमपी खाली येतोय, रेंज पसरतेय? आधी बर्नरकडे बघा

ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला सोळा वर्षं उभी आहे. या सोळा वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच: "मॅम, एमपी खाली आला. परत रिक्रिस्टलाइज करू?" (एमपी म्हणजे मेल्टिंग पॉइंट, द्रवणांक; रेंज म्हणजे वितळायला सुरुवात ते शेवट हे अंतर; रिक्रिस्टलाइज म्हणजे गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिक पाडणं.) बहुतेक वेळा माझं उत्तर "थांब" असतं. पदार्थ ठीक असतो, घाई मोजण्यात झालेली असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दर बॅचला तेच तेच सांगण्यापेक्षा मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे लिहून ठेवतेय. फुकटातलं आधी, वेळ आणि माल खाणारं शेवटी. थिले ट्यूब (बाजूला हात असलेली तेलाची काचनळी), लिक्विड पॅराफिन, पाऱ्याचा ३६० अंशांचा थर्मामीटर आणि एका टोकाला बंद केलेली कॅपिलरी (सॅम्पल भरायची बारीक काचनळी), असा आपल्या कॉलेजांतला नेहमीचा संसार गृहीत धरलाय. सगळे अंश सेल्सिअसमध्ये.

नक्की काय दिसतंय?

"एमपी चुकतोय" ही तक्रार पुरेशी नाही. खालच्यापैकी तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

आकडा ५ ते १० अंशांनी खाली आणि रेंजही पसरट. बेंझोइक ॲसिडला १२२ हवा, तिथे ११३ ते ११९. नव्वद टक्के कटकट हीच.

रेंज छान अरुंद, एखाद्या अंशाची, पण आकडा दर वेळी एकाच बाजूला तीन-चार अंश सरकलेला. शेजारच्या टेबलावर त्याच बाटलीतल्या पदार्थाला बरोबर येतो.

एकाच सॅम्पलच्या तीन कॅपिलऱ्या, तीन वेगळे आकडे.

पन्नास अंशही झाले नाहीत आणि सॅम्पल पारदर्शक दिसायला लागलं.

वितळायच्या ऐवजी तपकिरी पडतं, फेसाळतं, नाहीतर कॅपिलरीच्या तळातून गायबच होतं.

वितळतं वेळेवर, पण रस स्वच्छ होत नाही, आत काहीतरी तरंगत राहतं.

आणि सगळ्यात फसवं: आकडा चोख, रेंज चोख, पण फंक्शनल ग्रुपच्या टेस्ट (रेणूतले ॲसिड, फिनॉल वगैरे गट ओळखायच्या) भलतंच काही सांगतात.

पहिली तपासणी: तुम्ही सुरुवात कशाला म्हणताय?

याला एक पैसा लागत नाही. जर्नल उघडा. नुसतं "एमपी १२२" लिहिलं असेल तर ते वाचनच नव्हे. द्रवणांकाला दोन आकडे असतात: पहिला थेंब दिसला ते तापमान आणि शेवटचा कण विरघळला ते तापमान. शुद्धतेची माहिती या दोहोंच्या मधल्या अंतरात असते. आकडा पदार्थ कोणता ते सुचवतो, अंतर तो किती स्वच्छ ते सांगतं.

आता पहिला थेंब म्हणजे काय? भिंगातून बघा. वितळायच्या चार-पाच अंश आधी पावडर काचेपासून सुटते, आक्रसते, मधेच वाकते. मुलं इथेच पहिला आकडा टिपून मोकळी होतात. हे वितळणं नाही. खरी सुरुवात काचेलगत ओलसर चकाकी येते आणि तळाशी किंवा कडेला एक बारीकसा थेंब बनतो तेव्हाची. मग रसाचा वरचा पृष्ठभाग चमच्यासारखा खोलगट होतो, त्यात एखादा स्फटिक बुडत-तरंगत असतो, आणि तो दिसेनासा झाला की शेवट. हे एकदा नीट पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. माझ्याकडे जर्नल तपासायला आलेल्या कित्येक "पाच अंशांच्या रेंज" इथेच दोनवर आल्यात.

मात्र फार आधीपासून, म्हणजे दहा-पंधरा अंश आधीच आक्रसायला लागलं तर दुर्लक्ष करू नका. तो ओलाव्याचा किंवा भेसळीचा इशारा असू शकतो. पुढे त्याचं काम लागेल.

दुसरी: बर्नर

गेल्या ऑगस्टची गोष्ट. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलीने मिश्रणातून बेंझोइक ॲसिड वेगळं केलं होतं. एमपी ११५ ते १२१. तिने गरम पाण्यातून रिक्रिस्टलाइज केलं, पुन्हा ११६ ते १२१. आणखी एकदा केलं. सुरुवातीचे तीन ग्रॅम होते, माझ्याकडे आली तेव्हा वॉच ग्लासवर ग्रॅमभरसुद्धा उरलं नव्हतं आणि डोळ्यांत पाणी. मी तिला म्हटलं, तू फक्त लाव, मी बघते. तिने थिले ट्यूबच्या हाताखाली बर्नर ठेवला, ज्योत निळी, पूर्ण सोडलेली. घड्याळ लावलं. मिनिटाला नऊ अंश.

हिशेब करून बघा. सॅम्पलचा तेवढासा खडा पूर्ण वितळायला अर्धं मिनिट धरलं, तर त्या अर्ध्या मिनिटात पारा साडेचार अंश वर गेलेला असतो. पदार्थ गंगेसारखा शुद्ध असला तरी तुमची रेंज साडेचार अंशांचीच येणार. ज्योत बारीक करून तेच सॅम्पल पुन्हा लावलं: १२१ ते १२२. पहिलं क्रूड (शुद्ध न केलेला माल) जपून ठेवलं असतं तर त्यालाही कदाचित तेवढंच आलं असतं, पण ते तपासायला आता ते होतं कुठे!

घाईने आकडा वर जातो की खाली, यावरून स्टाफ रूममध्येही वाद होतात. दोन्ही होतं. डिजिटल यंत्रात सेन्सर धातूच्या ठोकळ्यात असतो आणि सॅम्पल ठोकळ्याच्या मागे रेंगाळतं, म्हणून आकडा वर जातो. थिले ट्यूबमध्ये पाऱ्याचा बल्ब जाड, कॅपिलरी बारीक. तेल झपाट्याने तापत असेल तर बल्बच मागे राहतो आणि सुरुवात खाली दिसते. शेवट मात्र वर ताणला जातो. दिशा कोणतीही असो, रेंज फुगणार हे नक्की.

उपाय: दोन कॅपिलऱ्या भरा. पहिली बेधडक तापवा, मिनिटाला आठ-दहा अंशांनी, आणि अंदाज घ्या. समजा १२० च्या आसपास वितळलं. तेल शंभरच्या खाली येऊ द्या, दुसरी, नवी कॅपिलरी लावा. १०५ पर्यंत जरा पटपट, तिथून पुढे मिनिटाला एक, फार तर दोन अंश. १०५ ते १२२ ला पंधरा-सतरा मिनिटं लागतील. लागू द्या. बर्नर हातात धरून पुढे-मागे करत राहा, स्टँडवर सोडून गप्पा मारायला जाऊ नका.

वितळून थिजलेली कॅपिलरी पुन्हा वापरायची नाही. पदार्थ थोडा करपलेला असतो, कधी वेगळ्या रूपात स्फटिकलेला असतो. "तीन वाचनं, तीन आकडे" या तक्रारीमागे पुष्कळदा हीच काटकसर निघते. कॅपिलरी ही काही जपायची गोष्ट नाही.

तिसरी: कॅपिलरी आणि बांधणी

सॅम्पल दोन ते तीन मिलिमीटर, बस्स. सेंटिमीटरभर भरलं तर खालचा भाग आधी, वरचा नंतर वितळतो. पावडर आधी वॉच ग्लासवर स्पॅच्युलाने बारीक चिरडा, मग कॅपिलरीचं उघडं तोंड त्यात टोचा. ठोकून खाली बसत नसेल तर आमच्या लॅबमधल्या मामांची (लॅब अटेंडंटची) युक्ती वापरा. दोन-अडीच फुटांची काचेची नळी टेबलावर उभी धरायची आणि तिच्यातून कॅपिलरी बंद टोक खाली करून सोडायची. चार वेळा टणटण आपटली की सॅम्पल गच्च बसतं. मधे हवा राहिली तर उष्णता नीट पोचत नाही.

बांधताना सॅम्पल पाऱ्याच्या बल्बच्या बरोबरीने, त्याला चिकटून. बल्ब थिले ट्यूबच्या वरच्या जोडापाशी, भिंतीला न टेकता. जोहानेस थिले यांनी १९०७ मध्ये ही नळी दिली ती याचसाठी: बाजूचा हात तापवला की तेल आपोआप गोल फिरतं आणि ढवळावं लागत नाही. सरळ बुडाखाली ज्योत धरलीत तर त्या नळीचा उपयोगच संपला. रबरबँड तेलाच्या बराच वर हवा. तेल तापलं की फुगून वर चढतं, ते रबराला लागलं की रबर सैल पडतं आणि कॅपिलरी अलगद तळाला जाते.

पन्नास अंशांच्या आत पारदर्शक दिसणाऱ्या सॅम्पलचं कारणही इथेच. कॅपिलरीचं टोक नीट बंद झालेलं नसतं, तेल आत शिरतं आणि पावडर भिजून काचेसारखी दिसते. बाहेर काढून भिंगाखाली धरा. सॅम्पलच्या वर तेलाचा पातळ थर दिसेल. टोक ज्योतीच्या कडेला फिरवत लालसर होईपर्यंत धरा, बारीक मणी तयार झाला म्हणजे बंद झालं.

तेल काळं पडलं असेल तर बदला. दिसतच नसेल तर मोजणार काय? आणि ट्यूब धुऊन ओली तशीच भरली असेल तर शंभरच्या पुढे तेल तडतडून उडतं. हा मापनापेक्षा चेहऱ्याचा प्रश्न आहे.

चौथी: ओलावा

जून ते सप्टेंबर या काळात मी ही तपासणी बर्नरच्याही आधी करते. पावसाळ्यात फिल्टर पेपरवर उघडं ठेवलेलं सॅम्पल रात्रभरात वाळत नाही, उलट कोकणात तर आणखी दमट होतं.

पाणी किंवा उरलेला अल्कोहोल हीसुद्धा भेसळच. आणि पाण्याच्या बाबतीत वजनाचा अंदाज फसवतो. बेंझोइक ॲसिडचा रेणू १२२ चा, पाण्याचा १८ चा. सॅम्पलमध्ये वजनाने एक टक्का पाणी राहिलं तर रेणूंच्या गणतीत ते सहा टक्क्यांच्या वर जातं. द्रवणांक खाली ओढताना निसर्ग रेणू मोजतो, ग्रॅम नाही. बेंझोइक ॲसिडमध्ये शंभर रेणूंमागे एक परका रेणू असला की शेवटचा स्फटिक विरघळायचं तापमान साधारण ०.७ अंशाने उतरतं. सहा टक्क्यांचं काय होईल ते तुम्हीच गुणा. थोडं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून इतकं वाईट नेहमीच होत नाही, पण मुलांचे बरेचसे "११५ ते १२०" इथून येतात.

ओळख सोपी आहे. ऐंशी-नव्वद अंशांना कॅपिलरीचा तेलाबाहेरचा थंड भाग बघा. आतून बारीक दंव जमलं असेल तर सॅम्पल ओलं. स्पॅच्युलाला गोळा होऊन चिकटणारं सॅम्पलही ओलंच. कोरडी पावडर भुरभुरते.

वाळवताना मात्र डोकं वापरा. आधी दोन फिल्टर पेपरमध्ये दाबून टिपा, मग वॉच ग्लासवर पातळ पसरून डेसिकेटर (ओलावा शोषून घेणारं बंद भांडं). डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळं असायचं ते गुलाबी झालेलं असेल तर तो डेसिकेटर नव्हे, शोकेस. ओव्हन वापरायचा तर द्रवणांकाच्या खूप खाली. एका मुलाने बेंझोफिनोन ऐंशीच्या ओव्हनमध्ये ठेवलं होतं. बेंझोफिनोन ४८ ला वितळतं. वॉच ग्लासवर तेलाचं तळं बघून तो म्हणाला, "मॅम, कुणीतरी माझं सॅम्पल बदललं." नॅप्थलीन ठेवलं तर तळंही मिळत नाही, ते उडूनच जातं. ऑक्झॅलिक ॲसिडची गंमत वेगळी: बाटलीतलं दोन पाण्याचे रेणू घेऊन बसलेलं असतं, ते १०१ च्या आसपास वितळतं. ओव्हनमध्ये ते पाणी गेलं की निर्जल ॲसिड १८९ ला. दोन्ही वाचनं खरी, पदार्थ वेगळे.

पाचवी: थर्मामीटर

आकडा नेहमी एकाच बाजूला सरकलेला आणि रेंज मात्र अरुंद, या लक्षणाचं उत्तर इथे. आधी पाऱ्याच्या दोऱ्यात कुठे फट पडलीय का बघा. आडवा ठेवलेला, आपटलेला थर्मामीटर तुटक दोऱ्यानिशी बिनदिक्कत चार अंश जास्त दाखवतो.

मग बर्फ. फ्रिजमधला बर्फ ठेचून त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, खिचडी होऊ द्या, त्यात शून्य यायला हवा. मग उकळतं पाणी, पण इथे सगळे फसतात. पाणी १०० ला उकळतं ते मुंबईत, समुद्रकाठी. पुण्यात, साडेपाचशे मीटरवर, ते ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णव. घाटावरच्या कॉलेजात ९८ दाखवणारा थर्मामीटर "दोन अंशांनी मार खातो" म्हणून कपाटात पडलेला मी पाहिलाय. तो बिचारा खरं बोलत होता.

त्याहून चांगलं म्हणजे ओळखीचे, शुद्ध, कोरडे पदार्थ लावून बघणं: नॅप्थलीन ८०, ॲसिटॲनिलाइड ११४, बेंझोइक ॲसिड १२२, युरिया १३३, सॅलिसिलिक ॲसिड १५९. पाच वाचनं, एक आलेख, आणि तो थर्मामीटर पुढची कित्येक वर्षं वापरा. आमच्याकडे मामांनी एका थर्मामीटरला डॉक्टरी टेप गुंडाळून त्यावर पेनने लिहिलंय: "३ कमी". माझ्या मते लॅबमधला सगळ्यात विश्वासू थर्मामीटर तो.

दोनशेच्या पुढे गेलात तर दांडीचाही हिशेब लागतो. पूर्ण बुडवून वापरायच्या थर्मामीटरचा बराच पारा आपल्याकडे तेलाबाहेर, गार हवेत असतो, म्हणून वाचन कमी येतं. दुरुस्ती अशी: तेलाबाहेरच्या पाऱ्याची लांबी अंशांत, गुणिले वाचन आणि दांडीचं सरासरी तापमान यांतला फरक, गुणिले ०.०००१६. वाचन २००, बाहेर १५० अंशांची दांडी, तिचं तापमान ४० धरलं तर ३.८ अंश मिळवायचे. १२२ ला हीच दुरुस्ती एखाद्या अंशाची असते. दांडीवर बुडवायच्या खोलीची रेघ असेल तर तिथपर्यंत बुडवा आणि ही भानगड विसरा.

सहावी: पदार्थाचाच स्वभाव असा आहे का?

काही पदार्थ सरळ वितळतच नाहीत. ॲस्पिरिन घ्या. पुस्तकात १३५ च्या आसपास. तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे हळूहळू तापवत गेलात तर ते वाटेतच विघटन पावतं आणि आपल्याच तुकड्यांनी भेसळ होऊन खाली, पसरट वितळतं. म्हणजे इथे मंद बर्नरच घात करतो! अशा वेळी तेल आधी १२०-१२५ पर्यंत न्या, मग कॅपिलरी आत सोडा आणि तिथून पुढे मिनिटाला दोन अंश. फेरिक क्लोराइडचा एक थेंबही टाकून बघा. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक ॲसिड शिल्लक आहे, दोष खरोखर पदार्थाचाच.

थॅलिक ॲसिड तापताना पाणी टाकून ॲनहायड्राइड होतं, म्हणून त्याचा आकडा प्रत्येक पुस्तकात वेगळा, १९१ पासून २१० पर्यंत काहीही. ॲनहायड्राइडचा स्वतःचा १३१. अशा पदार्थांना आकड्यामागे "विघटनासह" लिहायचं आणि आकड्यावर फार भार टाकायचा नाही.

गायब होणाऱ्यांत कापूर पहिला. तळातून उडून वरच्या गार काचेवर जाऊन बसतो. उघडं टोकही बंद करा आणि कॅपिलरी पूर्ण तेलात बुडेल अशी बांधा. मात्र फेसाळणाऱ्या, वायू सोडणाऱ्या पदार्थाची कॅपिलरी दोन्ही टोकांनी कधीही बंद करू नका, ती फुटते.

सातवी: रस गढूळ राहतो

मिश्रण वेगळं करताना बायकार्बोनेटमध्ये ॲसिड विरघळवून हायड्रोक्लोरिकने पाडलं की त्यात मीठ अडकतं. थंड पाण्याने नीट धुतलं नाही तर ते तिथेच. मीठ वितळलेल्या बेंझोइक ॲसिडमध्ये विरघळत नाही, त्यामुळे द्रवणांक जवळजवळ खाली येतच नाही, आणि मुलं "शुद्ध" लिहून मोकळी होतात. एमपी फक्त रसात विरघळणारी भेसळ पकडतो. मीठ, वाळू, फिल्टर पेपरचे तंतू त्याच्या नजरेतून सुटतात. स्पॅच्युलाच्या टोकावर चिमूटभर घेऊन ज्योतीत धरा. पांढरी राख उरली तर अजून धुवा. यासाठी रिक्रिस्टलायझेशन नको, बर्फाचं पाणी पुरे.

आठवी: आकडा चोख, पण पदार्थ कोणता?

नवखे इथे सगळ्यात जास्त फसतात आणि परीक्षेचे मार्कही इथेच जातात. १२२ आला म्हणजे बेंझोइक ॲसिड? बीटा-नॅप्थॉलही १२१ ते १२३ लाच वितळतं. ११४ ला ॲसिटॲनिलाइड आहे, मेटा-नायट्रोॲनिलीन आहे, पॅरा-नायट्रोफिनॉल आहे. १३३ ला युरिया आणि सिनॅमिक ॲसिड शेजारी बसलेत. द्रवणांक एखाद्याचं नाव सांगत नाही, तो फक्त पुष्कळ जणांना यादीतून काढतो. त्यामुळे आधी बायकार्बोनेट, फेरिक क्लोराइड, नायट्रोजनची टेस्ट, आणि मग द्रवणांकांचा तक्ता. तक्ता आधी उघडून मग टेस्ट "जुळवणं" ही आपल्याकडची जुनी कला आहे, एक्झामिनरला ती लगेच कळते.

तरीही दोन नावं उरली तर मिक्स्ड एमपी. लॅबमधली शुद्ध बाटली घ्या. तीन कॅपिलऱ्या: एकात तुमचं सॅम्पल, एकात बाटलीतलं, एकात दोन्ही निम्मं-निम्मं, एकत्र घोटून. तिन्ही एकाच थर्मामीटरला एकाच वेळी बांधा. पदार्थ एकच असेल तर तिन्ही एकत्र वितळतील. वेगळा असेल तर मिश्रण आधीच लोळण घेईल. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ चे, पण निम्मं-निम्मं मिसळलं की शंभरच्या आसपासच वितळायला लागतात. मला ही टेस्ट सगळ्यांत आवडते, कारण थर्मामीटर खोटा असो की बर्नर घाईचा, तिन्ही कॅपिलऱ्यांना एकच न्याय. वर्गात हे युरिया-सिनॅमिक एकदा करून दाखवलं की पाऊण तासाच्या लेक्चरचं काम होतं.

कारण असं: स्फटिकात रेणू ओळीत उभे असतात, परका रेणू त्या ओळीत बसत नाही पण रसात खुशाल मिसळतो. त्यामुळे रसाचं पारडं जड होतं आणि वितळणं लवकर सुरू होतं. कितीही मिसळलं तरी हे एका ठरावीक तापमानाच्या खाली जात नाही, तो युटेक्टिक बिंदू. नेमक्या त्या प्रमाणातलं मिश्रण शुद्ध पदार्थासारखं चोख, अरुंद रेंजमध्ये वितळतं. म्हणून अरुंद रेंज बघून "शुद्धच" म्हणायचं नाही, आणि मिक्स्ड एमपी करताना शंका असेल तर निम्म्या-निम्म्याबरोबर एकास चार, चारास एक अशीही मिश्रणं लावायची.

नववी: आता करा रिक्रिस्टलायझेशन

वरचं सगळं करून रेंज अजून तीन अंशांच्या वर असेल तर पदार्थ खरोखर अशुद्ध. कमीत कमी गरम सॉल्व्हंट, गरम गाळणी, हळूहळू थंड होऊ देणं. बर्फात एकदम बुडवलं की स्फटिक घाईत वाढतात आणि भेसळ पोटात घेतात. थोडं क्रूड बाजूला ठेवा, म्हणजे आधीचा आणि नंतरचा एमपी शेजारी बांधून बघता येतो. आकडा वर चढला आणि रेंज आवळली तर आणखी एकदा करण्यात अर्थ आहे. दोनदा करूनही काहीच हललं नाही तर तिसऱ्यांदा करू नका. टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून ठिपके दाखवणारी चाचणी) लावा. दोन ठिपके दिसले तर ते सॉल्व्हंट या जोडीला वेगळं करत नाही, सॉल्व्हंट बदला किंवा कॉलम क्रोमॅटोग्राफी करा.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

थर्मामीटर गरम तेलात फुटला: बर्नर बंद, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, लॅब-इनचार्जला सांगा. तापलेल्या पाऱ्याची वाफ दिसत नाही. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही, सिंकमध्ये ओतणं तर नाहीच.

पॅराफिनमधून धूर यायला लागला, साधारण दोनशेच्या पुढे कधीही: पुढे रेटू नका, सिलिकॉन ऑइल किंवा डिजिटल यंत्र मागा. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही.

डिजिटल यंत्र तापतच नाही, किंवा ठोकळा तापतो आणि आकडा उड्या मारतो: प्लग आणि बाहेरचा फ्यूज इथपर्यंत तुमचं काम. झाकण उघडून हीटरला हात घालायचा तो सर्व्हिसवाल्याने.

लेबल नसलेली जुनी बाटली, विशेषतः झाकणाशी पिवळे स्फटिक जमलेली: उघडूही नका. पिक्रिक ॲसिडही १२२ लाच वितळतं आणि वाळलेलं असेल तर स्फोटक असतं. ॲझाइड, पेरॉक्साइड, डायझोनियम मीठ असण्याची नुसती शंका असली तरी कॅपिलरी भरायची नाही. हे विभागप्रमुखांकडे.

औषध, विक्री, पेपर किंवा पेटंट यांसाठी शुद्धता सांगायची असेल तर थिले ट्यूबवर सही करू नका. तिथे एचपीएलसी, डीएससी, एनएमआर अशा मोठ्या यंत्रांवरच्या चाचण्या लागतात. आपल्या भागात आयआयटी मुंबईचं सैफ केंद्र (विश्लेषणाच्या यंत्रांची सामायिक सोय) बाहेरच्यांची सॅम्पल घेतं. पाठवताना सॅम्पल पूर्ण वाळवलेलं, छोट्या व्हायलमध्ये, आणि चिठ्ठीवर शेवटचं सॉल्व्हंट, तुमची रेंज आणि मिनिटाला किती अंशांनी तापवलंत ते लिहा.